कागदावरचे वडील बदलता येतात का? (मामेबहिणीच्या मुलीसाठी विचारते आहे)

शेवंती

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मामेबहिणीचा आहे आणि तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, मुद्दे मात्र जसेच्या तसे आहेत.

तिचं पहिलं लग्न २०१६ सालचं. दोन वर्षांत ती माहेरी आली ती आलीच. नवऱ्याचं घर त्याच शहरात, रिक्षाने वीस मिनिटांवर. घटस्फोटाचा अर्ज पडून राहिला, मध्ये करोना आला, कोर्टं बंद पडली. त्या काळात तिच्या आयुष्यात दुसरा माणूस आला आणि २०२१ मध्ये मुलगी झाली. दवाखान्यात आधारकार्ड आणि लग्नाचा दाखला बघून वडिलांच्या रकान्यात पहिल्या नवऱ्याचं नाव लिहिलं गेलं. २०२३ मध्ये घटस्फोट झाला, २०२४ मध्ये तिने मुलीच्या खऱ्या वडिलांशी लग्न केलं. मुलगी त्यांनाच बाबा म्हणते, दुसऱ्या कुणाला बाबा म्हणायचं असतं हे तिला ठाऊकच नाही.

आता शाळेत नाव घालायचं आहे. नाव म्हटलं की मध्ये वडिलांचं नाव आलंच, आणि ते आहे पहिल्या नवऱ्याचं. त्याला कळवलं की आम्ही हे बदलून घेतोय, तर त्याने थेट कौटुंबिक न्यायालयात मुलीला भेटण्याचा हक्क मागितला. म्हणतो, कागदावर बाप मी आहे.

बहिणीच्या नवऱ्याने खाजगी लॅबमधून डीएनए चाचणी करून घेतली आहे. मुलगी त्यांचीच आहे हे त्यात स्पष्ट आहे. हा कागद दाखवून पहिल्या नवऱ्याचे हक्क संपवता येतील ना? किती वेळ लागेल? कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा. ती रात्र रात्र झोपत नाही.

तळेगावकर

शेवंतीताई, मी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. खिडकीवर असे लोक नेहमी यायचे, म्हणून आधी माझ्या भागापुरतं सांगतो.

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. त्याच्या कलम १५ खाली निबंधक चुकीची नोंद दुरुस्त करू शकतो. पण चूक म्हणजे स्पेलिंग, तारीख, पत्ता, आईच्या नावातला काना-मात्रा. वडील कोण, हे ठरवायचा अधिकार खिडकीवरच्या माणसाला नाही आणि नसावाही. प्रतिज्ञापत्र आणा, दोघांच्या सह्या आणा, डीएनएचा कागद आणा, निबंधक एकच सांगणार की कोर्टाचा आदेश आणा. त्यात तुमच्याशी वैर नसतं. उद्या कुणीही कुणाच्याही मुलाचा बाप बदलून नेला तर त्या मुलाने जायचं कुठे?

काही जण राजपत्रात नाव बदलून घेतात आणि काम झालं असं समजतात. राजपत्राने मुलीचं नाव बदलेल, पण जन्म नोंदवहीतले वडील तेच राहतील. पुढे पासपोर्टच्या वेळी दोन कागद दोन गोष्टी सांगतात आणि मग खरी धावपळ सुरू होते. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्याने आईचं नाव वडिलांच्या नावाआधी आणलं, ते चांगलंच झालं. पण त्यातही वडिलांचं नाव मागे राहतंच, आणि तुमची मुलगी तर त्याआधीची.

गोदाकाठ

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. ताई, तुम्हाला धीर द्यायचा आहे, पण त्याआधी एक गैरसमज काढायला हवा, कारण त्याच्यावर लोकांची वर्षं जातात.

डीएनएचा अहवाल हातात आहे म्हणजे प्रश्न सुटला, असं आपल्या कायद्यात नाही. लग्न टिकून असताना मूल जन्मलं, किंवा लग्न संपल्यावर २८० दिवसांच्या आत जन्मलं आणि आईने तोवर दुसरं लग्न केलेलं नसलं, तर ते त्या नवऱ्याचं औरस, म्हणजे कायदेशीर लग्नातलं, मूल हा निर्णायक पुरावा मानला जातो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ११२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ११६ झालं, गाभा तोच आहे. यातून बाहेर पडायची वाट एकच: गर्भ राहू शकला असता त्या काळात नवरा-बायकोला एकमेकांकडे जाण्याची संधीच नव्हती, हे सिद्ध करणं. संबंध नव्हते एवढं पुरत नाही, संधी नव्हती हे दाखवावं लागतं. नवरा परदेशात होता, तुरुंगात होता, असं काहीतरी. एकाच शहरात वीस मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या दोघांबद्दल हे सिद्ध करणं फार अवघड आहे.

तुमच्या बहिणीच्या प्रकरणाशी जवळजवळ जुळणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला आहे. केरळमधलं प्रकरण. मुलगा २००१ चा, नवरा-बायको २००३ पर्यंत एकत्र राहिले, २००६ मध्ये घटस्फोट. मग आई कोचीच्या महापालिकेत गेली की मुलाचे वडील दुसरे आहेत, नोंद बदला. पालिकेने तळेगावकर काकांसारखंच सांगितलं, कोर्टाचा आदेश आणा. २००७ मध्ये दावा लागला तो हरला, अपिलं हरली, पुढे मुलाने पोटगीसाठी पुन्हा तोच प्रश्न उभा केला आणि शेवटी न्या. सूर्य कांत आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने पडदा टाकला. औरसपणा ठरला की पितृत्वही ठरलं. रक्ताने बाप कुणी वेगळा असेल म्हणून कायद्याने बाप बदलत नाही, आणि त्या तिसऱ्या माणसाला डीएनए द्यायला भागही पाडता येत नाही. नगरपालिकेच्या खिडकीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जवळजवळ दोन दशकं. मुलगा त्यात लहानाचा मोठा झाला.

तुमच्याकडे खरे वडील स्वतःहून पुढे येत आहेत, हा मोठा फरक आहे. पण कलम तेच आहे.

दोन गोष्टी तपासून सांगा. घटस्फोट परस्पर संमतीने झाला का? आणि झाला असेल तर कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सह्या केलेल्या संमतीच्या अटींमध्ये, मुलीबद्दल नेमकं काय लिहिलं आहे?

पाचवा_मैल

मला हे पटत नाही, आणि रागाने नाही, मनापासून लिहितो आहे. १८७२ साली डीएनए नव्हतं. बाप कोण हे कळायला दुसरा मार्गच नव्हता म्हणून कायद्याने गृहीतक धरलं. आज रक्ताच्या थेंबावरून कळतं. तरी जो बाप नाही त्याला बाप म्हणून बांधून ठेवायचं आणि जो आहे त्याला दाराबाहेर उभं करायचं?

आणि सर्वोच्च न्यायालयानेच २०१४ मध्ये नागपूरच्या प्रकरणात विज्ञानाच्या बाजूने निकाल दिला होता ना? नवऱ्याला पोटगी लावली होती. नागपूरच्या प्रयोगशाळेत चाचणी झाली, मग हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत पुन्हा झाली, दोन्हीकडे तो बाप नाही असंच आलं. कोर्ट म्हणालं, गृहीतक आणि सिद्ध झालेलं सत्य समोरासमोर आलं तर सत्य वरचढ. मग आता मागे का फिरायचं?

गोदाकाठ

@पाचवा_मैल, तो निकाल आहे आणि त्याचा आधार आजही घेतला जातो. पण तिथे चाचणी कोर्टाच्या आदेशाने झाली होती, तिला त्या टप्प्यावर कुणी हरकत घेतली नव्हती, आणि त्या दांपत्याचा त्या काळात संबंध आला होता की नाही हाच वादाचा मुद्दा होता. त्याआधी २००१ मध्ये याच न्यायालयाने म्हटलं होतं की नवरा-बायको एकत्र राहत असतील तर डीएनए उलट आलं तरी गृहीतक ढळत नाही. २०२३ मध्ये पुण्याच्या एका घटस्फोटाच्या प्रकरणात न्या. नागरत्ना यांनी फार स्पष्ट लिहिलं की मोठ्यांच्या भांडणात मुलाला पुरावा म्हणून वापरू नका. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करायचा असेल तर इतर पुरावे आणावेत, मुलाचं रक्त हा त्याचा सोपा रस्ता नव्हे. कुटुंब न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने मान्य केलेली चाचणी तिथे रद्द झाली.

मला स्वतःला हा कल योग्य वाटतो. कायदा इथे बापाची बाजू घेत नाही, आईचीही नाही. मुलाला जगात आल्याबरोबर एक स्थान मिळतं, वारसा, पोटगी, नाव. ते मोठ्यांच्या हातून सहजी काढून घेतलं जाऊ नये एवढंच तो बघतो. पण तुमचं दुःखही खोटं नाही. ज्याला फसवलं गेलं त्या पुरुषाला या कलमाने न्याय मिळत नाही, हे मी माझ्याच अशिलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

नीलाई

मी इथे सहसा वाचते फक्त. पण आज लिहिते, कारण मी ती मुलगी आहे. म्हणजे तशी एक मुलगी.

माझ्या वडिलांनी पोटगी टाळण्यासाठी मी त्यांची नाही असं कोर्टात लिहून दिलं. मी शाळेत होते. घरी मला कुणी सांगितलं नव्हतं. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते आणि दोन माणसं बोलत होती, त्यातून मला कळलं. चाचणी झाली नाही, आईने नकार दिला आणि कोर्टाने तो मानला. पोटगी मिळाली. मी आजही त्यांचं नाव लावते.

लोक विचारतात, तुला जाणून घ्यावंसं वाटत नाही का? कधी वाटतं, कधी नाही. पण तो प्रश्न माझा आहे, मी विचारीन तेव्हा. माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारींच्या प्रकरणात मुलाने स्वतः, मोठा होऊन, मागणी केली होती. २०१२ मध्ये कोर्टाच्या आदेशाने त्यांचं रक्त घेतलं गेलं आणि तो त्यांचा मुलगा ठरला. ते मला समजू शकतं. मी शाळेत असताना माझ्या वतीने दुसऱ्या कुणी ठरवायचं, हे नाही समजत.

शेवंतीताई, तुमच्या भाचीला आज चार वर्षं आहेत. ती आत्ता काही विचारत नाही, पण कोर्टाची फाईल कुठे जात नाही. "ही मुलगी नवऱ्यापासून झालेली नाही" असं वाक्य तिच्या आईच्या सहीने एका दाव्यात असेल आणि ती कधीतरी ते वाचेल. एवढं लक्षात ठेवा, बाकी निर्णय तुमचा.

शेवंती

नीलाई, तुमचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला. तिने काही उत्तर दिलं नाही, पण खूप वेळ फोन ठेवला नाही.

गोदाकाठताई, कागद काढले. आधी त्याने एकतर्फी अर्ज केला होता, त्यात मूल माझं नाही असा आरोप होता. नंतर तडजोड होऊन हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-बी खाली परस्पर संमतीने घटस्फोट झाला. कन्सेंट टर्म्समध्ये लिहिलं आहे, "उभयतांस एक कन्या असून तिचा ताबा अर्जदार क्र. १ आईकडे राहील." दोघांच्या सह्या आहेत. भेटीबद्दल एक शब्द नाही. तेव्हाच्या वकिलांनी मसुदा समोर ठेवला आणि सगळे सुटकेच्या घाईत होते.

अजून एक. तो बारशाला आला होता. बोलावलं नव्हतं, तरी आला, मुलीला चांदीचा वाळा देऊन गेला. त्यानंतर दोन-तीनदा येऊन गेला. हे मला काल कळलं.

गोदाकाठ

"उभयतांस एक कन्या" हे वाक्य महत्त्वाचं आहे. एकदा शपथेवर हे मान्य करून हुकूमनामा घेतला, मग उलट दावा करायचा म्हटलं की समोरचा वकील पहिल्याच उलटतपासणीत हा कागद पुढे करणार. त्याचा आधीचा आरोपही तुम्ही पुढे कराल, पण तो त्याने स्वतःच सोडून दिला. आणि बारशाचा फोटो असेलच कुणाच्या तरी फोनमध्ये.

म्हणून माझं मत ठामपणे सांगते. पितृत्व नाकारण्याचा दावा लावू नका. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ खाली औरसपणाबद्दल घोषणेचा दावा लावता येतो, वाट बंद नाही. पण तुमच्या बाजूने पुरावा कमकुवत आहे, आणि जिंकलात तरी हाती काय येतं? पहिलं नाव गेलं, मुलीचा औरसपणा गेला, आणि दुसरं नाव आपोआप येत नाही, त्यासाठी पुढचं पाऊल वेगळंच.

दुसरा मार्ग दत्तकाचा आहे. सावत्र पालकाने दत्तक घेणं. बाल न्याय कायदा २०१५ आणि २०२२ चे दत्तक नियम यात त्याची सोय आहे. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर आई आणि तिचा आताचा नवरा नोंदणी करतात, कायद्याने जो वडील आहे त्याची लेखी संमती लागते, जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत प्रकरण पुढे जातं आणि आता आदेश जिल्हाधिकारी देतात. आदेश झाला की पहिल्या वडिलांचे हक्क आणि जबाबदाऱ्या दोन्ही संपतात, मूल सर्वार्थाने नव्या वडिलांचं होतं आणि त्यांच्या नावाचा जन्मदाखला मिळतो. आपल्या कायद्यात कायदेशीर वडिलांचं नातं पूर्ण संपवून लगेच दुसरं उभं करणारा, मुलाला मधल्या मध्ये न लोंबकळवणारा, हाच मार्ग मला दिसतो.

२०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईला मुलाचं आडनाव ठरवण्याचा अधिकार मान्य केला आणि सावत्र वडिलांच्या दत्तकाचं महत्त्व सांगितलं, तो निकाल तुमचे वकील दाखवतील. पण तिथे पहिला नवरा हयात नव्हता. इथे आहे, आणि त्याची संमती टाळता येणार नाही.

शेवंती

ताई, हे घरात सांगितलं आणि बहिणीचा नवरा उठून गेला. म्हणाला, माझ्या स्वतःच्या मुलीला मी दत्तक घेऊ? तिच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या बाहेर मी उभा होतो, आत जायला मला नातं सांगता येत नव्हतं. आता पुन्हा अर्जात लिहू की मी सावत्र बाप आहे? त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला काय सांगू मी?

सानहोजेकर

भाऊंचं दुःख समजतं. मी कॅलिफोर्नियात आहे, कोर्टात दुभाषी म्हणून काम करते. इथे आईवडिलांचे हक्क संपवण्याची वेगळी प्रक्रियाच आहे, कदाचित म्हणून लोक इंटरनेटवर वाचून तसंच भारतात शोधतात. पण इथेही ते सोपं नाही. स्वेच्छेने पितृत्व मान्य केल्याची सही ६० दिवसांत मागे घेता येते, नंतर फसवणूक, जबरदस्ती किंवा मोठी चूक दाखवावी लागते. आणि पालकाचा हक्क सरकारने काढून घ्यायचा तर पुरावा स्पष्ट आणि खात्रीचा हवा, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितलं आहे.

भाऊंच्या परिस्थितीतला माणूस इथेही होता. आई विवाहित, मूल दुसऱ्याचं, रक्तचाचणीत ९८.०७ टक्के शक्यता. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला बाप मानायला नकार दिला, आईचा नवराच बाप राहिला. त्या निकालावर इथे अजून वाद होतात. २०१४ पासून कॅलिफोर्नियात, मुलाच्या हितासाठी गरज असेल तर, कोर्ट दोनपेक्षा जास्त पालक मानू शकतं. भारतात अशी सोय नाही. भाऊंना एवढंच सांगा की दत्तकाच्या आदेशाने मिळालेलं नातं कुणी नंतर येऊन सहजी हलवू शकत नाही. नुसत्या रक्ताच्या कागदाला ती ताकद नाही.

अनवट

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. म्हणजे शेवंतीताईंच्या गोष्टीतला पहिला नवरा.

माझ्या मुलाच्या दाखल्यावर माझं नाव आहे. तो रक्ताने माझा नाही, हे मला तो रांगत होता तेव्हा कळलं. घरच्यांनी सांगितलं, नाव काढून टाक, पोटगी वाचेल. वकिलांकडे गेलो. फाईल तयार झाली. त्या आठवड्यात त्याला गोवर आला आणि तो माझ्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हता. फाईल मी परत आणली.

बायको आणि मी आज वेगळे आहोत. तो सुट्टीत माझ्याकडे येतो. त्याला आम्ही दोघांनी मिळून, समुपदेशकाच्या मदतीने, सगळं सांगितलं आहे. त्याने एकच विचारलं, आडनाव बदलावं लागेल का? नाही म्हटल्यावर खेळायला गेला.

म्हणून विचारतो, तो माणूस हक्क सांगतोय तो सूड म्हणून, की त्याला खरंच मुलगी हवी आहे? बारशाला न बोलावता येणारा माणूस फक्त सूडासाठी येत नाही. तुमच्यापैकी कुणी त्याच्याशी बसून बोललं आहे का? वकिलांच्या नोटिशीतून नाही, समोर बसून.

पाचवा_मैल

अनवट, तुमच्यापुढे मला वाद घालवत नाही. पण तुम्ही निवडलंत. ज्याला निवड मिळाली नाही अशा माणसाबद्दल मी बोलत होतो. आणि खऱ्या बापाचं काय, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

शेवंती

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे.

कौटुंबिक न्यायालयाच्या विवाह समुपदेशकांपुढे दोघांची बैठक झाली. मग आमच्या मामांनी, म्हणजे बहिणीच्या वडिलांनी, त्याला घरी बोलावलं. तो आला. आईबापाविना वाढलेला मुलगा आहे, हे मला आत्ता नीट कळलं. तो म्हणाला, मुलगी माझी नाही हे मला माहीत आहे. पण माझ्या नावाने या जगात कुणीतरी आहे, ते पुसायचं म्हणजे मी तिथे कधी नव्हतोच असं होतं.

बहिणीच्या नवऱ्यानेही त्याचं ऐकलं. तो दत्तकाच्या अर्जावर सही करायला तयार झाला आहे, त्याने स्वतःच सांगितलं की शब्द कोणता का असेना, आदेश माझ्या नावाचा असू दे. पहिला नवरा संमती द्यायला तयार आहे, पण त्याची विनंती आहे की वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि तिच्या वाढदिवसाला, मुलीला भेटू द्यावं. बहिणीने हो म्हटलं आहे.

गोदाकाठताई, हे अर्जात लिहून घेता येईल का? आणि तो भेटीचा अर्ज कोर्टात पडून आहे त्याचं काय?

गोदाकाठ

आनंद झाला वाचून.

दत्तकाच्या आदेशानंतर पहिल्या वडिलांचा भेटीचा हक्क उरत नाही, त्यामुळे दिवाळीची भेट अट म्हणून लादता येणार नाही. संमती बिनशर्तच द्यावी लागेल. हे त्यांना सहीच्या आधी स्पष्ट शब्दांत सांगा, त्यांचा स्वतंत्र वकील असू दे, आणि समजावून सांगितल्याचं लेखी ठेवा. नंतर त्यांना फसवल्यासारखं वाटू नये. भेटीचा शब्द तुमच्या बहिणीने द्यायचा आणि तिनेच पाळायचा. दत्तक एकदा झालं की मागे घेता येत नाही, हेही तिघांनाही माहीत असू दे.

मुलीच्या नावाने पहिल्या वडिलांकडून काही मालमत्ता किंवा ठेव आधीच झाली असेल तर तिचे कागद आत्ताच वकिलांना दाखवा. पुढचा वारसाहक्क मात्र जाईल.

आणि क्रम चुकवू नका. ताब्याचा किंवा भेटीचा वाद कोर्टात चालू असताना सावत्र पालकाच्या दत्तकाची प्रक्रिया सुरू होत नाही. म्हणून आधी त्यांनी पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन तो अर्ज मागे घ्यायचा, कोर्टाचा अर्ज निकाली काढल्याचा आदेश घ्यायचा, त्याची प्रमाणित प्रत काढायची, आणि मगच पोर्टलवर नोंदणी करायची. जन्मदाखला, दोन्ही लग्नांचे आणि घटस्फोटाचे कागद, तिघांची ओळखपत्रं आत्ताच स्कॅन करून ठेवा. पहिलीच्या प्रवेशाआधी आदेश हाती आला नाही तर शाळेत सध्याच्या दाखल्यावरच नाव घाला. आदेशानंतर शाळेच्या दप्तरात बदल करून घेता येतो, त्यासाठी मुख्याध्यापकांना आत्ताच एक पत्र देऊन ठेवा.